सुजेवर बर्फ

माझ्या बायकोला कुठे दुखतं, किती दुखतं, दुखताना कसं वाटतं, हे सगळं माझ्याआधी एका चष्मेवाल्याला कळतं, आणि ते मला सहन होत नाही. लोक म्हणतील, हा काय जळण्यासारखा विषय आहे? बाई आजारी आहे, कुणाजवळ मन मोकळं करत असेल तर करू दे की. म्हणायला काय जातं? त्यांची बायको त्या माणसाशेजारी बसत नाही.

मी फ्रिज दुरुस्त करतो. घरगुती फ्रिज, आइस्क्रीमच्या दुकानातली खोकी, मासळीच्या गोदामातल्या खोलीएवढ्या थंड पेट्या, सगळं. बायको पोस्टात काउंटरवर असते. मुलगी नोकरीसाठी लांब गेली, घरात आम्ही दोघंच. इतकी वर्षं झाली की जिन्यावरच्या पावलांवरून आम्हाला एकमेकांचा दिवस कसा गेला ते कळतं. निदान मला तरी कळतं असं मी धरून चाललो होतो.

दुखणं सुरू झालं ते शिक्क्यापासून. तिचे शिक्के पुसट पडायला लागले. पोस्टमास्तर आधी शाईला बोल लावत होता, मग तिला. घरी सकाळी तिची मूठ वळेना. ब्लाउजच्या हुकांशी ती अर्धा अर्धा तास झटायची आणि मी बाहेरून ‘अगं, झालं का’ म्हणून ओरडायचो. दोन्ही हातांची बोटं एकाच जागी, मधल्या सांध्यांशी, फुगलेली. गल्लीतल्या डॉक्टरने थकवा म्हणून गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की दुपारपर्यंत बरं, दुसऱ्या सकाळी पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी आम्ही मोठ्या दवाखान्यात, सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई बोलायला चांगल्या. त्यांनी तिचा एकेक सांधा दाबून पाहिला आणि मलाच विचारलं, “तुमचं बोट कापलं की काय होतं?”

माझी बोटं आठवड्यातून एकदा कापतात. मी म्हणालो, “लाल होतं, सुजतं, गरम लागतं आणि ठणकतं.”

“ते शरीर मुद्दाम करतं,” बाई म्हणाल्या. “तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यातून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, जंतूंना खातात, मोडतोड साफ करतात. काम झालं की सूज उतरते. याला दाह म्हणतात. तो नसता तर साध्या खरचटण्यानं माणूस गेला असता. पण यांच्या शरीराचा गैरसमज झालाय. सांध्याच्या आतलं अस्तर त्याला परकं वाटतंय. तिथे पेशी जमतात आणि आणखी पेशींना निरोप धाडतात, या, या. जंतू मुळात नाहीतच, त्यामुळे काम काही संपत नाही. असंच चालू राहिलं तर फुगलेलं अस्तर शेजारचं हाड खायला लागतं.”

“म्हणजे थर्मोस्टॅट अडकलाय,” मी म्हणालो.

बाई थांबल्या. मी समजावून सांगितलं. फ्रिज हवा तेवढा गार झाला की थर्मोस्टॅट कंप्रेसर बंद करतो. त्याचा पॉइंट चिकटला की कंप्रेसर चालूच राहतो. दूध गोठतं, भाजी गोठते, मागच्या नळ्यांवर बर्फाचे थर चढतात आणि एक दिवस कंप्रेसर जळतो. मशीन चांगलं असतं हो, त्याला थांब म्हणणारं कुणी नसतं.

“जवळपास,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे ‘जवळपास’ मी पुढे निदान पन्नास लोकांना सांगितलं. प्रत्येक वेळी बायको शेजारी उभी राहून हसायची. मला वाटायचं, तिला माझं कौतुक वाटतंय.

उपचार मात्र फ्रिजइतके सोपे नव्हते. वायर उपटून चालत नाही, कारण तोच दाह खऱ्या जंतूंशीही लढतो. आधी स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या. त्यांनी सूज अशी उतरली की तिने लोणच्याच्या बरणीचं झाकण स्वतः उघडलं आणि ओट्याशी उभी राहून रडली. पण चेहरा गोल झाला, झोप उडाली, साखर वाढायला लागली, आणि बाई म्हणाल्या, फार दिवस घेतल्या तर हाडं ठिसूळ होतील, एकदम सोडल्या तरी धोका, हळूहळू कमी करायच्या. त्यांच्या जोडीला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. ती सावकाश काम करते, महिने लागतात, पण मुळाशी जाते. रोज घेतली तर विष, हे बाईंनी मला बजावलं. म्हणून ती गोळी कपाटात कुलूपबंद, आणि रविवारी माझ्या हातूनच. तीही पुरेना, तेव्हा ड्रिप ठरली. पेशी एकमेकींना जे निरोप धाडतात त्यातला एक नेमका निरोप ते औषध वाटेतच अडवतं. दर दोन महिन्यांनी दवाखान्यात जायचं, खुर्चीवर रेलायचं, नळी लावून घ्यायची.

आणि मी? मी बर्फ देत होतो.

पहिल्याच भेटीत बाई म्हणाल्या होत्या, सांधा लालबुंद, गरम असेल त्या दिवशी थोडा वेळ बर्फाने शेका. बाकी त्या बरंच काही बोलल्या असतील. मी एवढंच ऐकलं. अहो, सूज म्हणजे उष्णता, आणि उष्णता काढून घेणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. तिथे माझ्याइतका लायक माणूस कोण? मी बाजारातल्या पिशव्यांवर विसंबलो नाही. मासळीच्या गोदामातल्या मशीनमधून भुगा बर्फ आणायचो, तो खड्यांचा नसतो, मऊ असतो, बोटांभोवती बसतो. पातळ रबराच्या पिशव्या चिकटवून मी हातमोज्यांसारखं काहीतरी बनवलं होतं. रोज सकाळी कामावर निघण्याआधी तिच्या दोन्ही हातांना ते बांधायचो. ती डोळे मिटून बसायची. मी विचारायचो, “कसं वाटतंय?” ती म्हणायची, “बरं वाटतं.” मग मी शीळ घालत गाडी काढायचो. डॉक्टरीणबाई, गोळी, ड्रिप आणि मी, अशी आमची चौघांची फळी होती.

ड्रिपच्या खोलीत सोबतच्या माणसांना बसू देत नाहीत. बाहेर बाक आहे आणि दाराला एक काच आहे. पहिल्या दोन वेळा मी बाकावर झोपलो. तिसऱ्या वेळी जाग आली ती हसण्याने. आतून कुणीतरी खळखळून हसत होतं. आवाज ओळखीचा वाटला, पण इतक्या वर्षांत न ऐकलेला. काचेतून पाहिलं तर माझी बायको. नळी लावलेला हात तोंडावर धरून हसत होती, आणि शेजारच्या खुर्चीत एक लांबोडका माणूस, मान न वळवता, सगळं धड तिच्याकडे वळवून काहीतरी सांगत होता. बंद खोलीत बसून काळा चष्मा लावलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडीत विचारलं, “कोण तो?”

“कोण? ते होय. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. पाठीच्या कण्याचा दाह आहे त्यांना, मणके जुळत चाललेत. मान वळत नाही.”

“आणि काळा चष्मा?”

“डोळ्यातही होतं त्यांना मधूनमधून. आजार तोच, आतून डोळा सुजतो, उजेड सोसत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं डोळे आलेत, दुकानात पाऊल टाकत नाहीत.” आणि ती पुन्हा हसली. “चष्म्याच्या दुकानातला माणूसच डोळे झाकून बसलेला.”

“यात हसण्यासारखं काय आहे?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

“मग काय बोलत असता एवढा वेळ?”

“दुखण्याचं. दुसरं काय बोलणार?”

दुखण्याचं. मला घरी ‘बरं वाटतं’ आणि त्याला दोन तास दुखण्याचं. दुसऱ्या एखाद्या विषयावर बोलत असते तर मला इतकं लागलं नसतं. तिचं दुखणं मी दवाखान्यात नेलं, रांगा लावल्या, गोळी कपाटात ठेवली, बर्फ बांधला. त्या दुखण्यावर पहिला हक्क माझा. हा कोण उपटसुंभ?

पुढे दर वेळी मी काचेपाशीच असायचो. ड्रिप लावणाऱ्या सिस्टरने एकदा हटकलं, “काका, त्या पळून नाही जाणार, नळी लावलीय.” मी पाणी प्यायला आल्याचं सोंग केलं. आत त्या दोघांचं गुळपीठ चाललेलं. तो बोटं आखडून काहीतरी दाखवायचा, ती मान डोलवायची, आणि मग ती बोलायला लागायची. बोलताना तिचा चेहरा मी पाहिला. हातवारे नाहीत, रडं नाही, शांतपणे एकेक गोष्ट काढून समोर ठेवत होती. तो ऐकत होता. मला एक शब्द ऐकू येत नव्हता. काचेला कान लावायचा तेवढा बाकी होता.

शेवटी मी त्याच्या दुकानात गेलो.

तो मला ओळखत नव्हता, मी कायम दाराबाहेर. दुकान अरुंद, भिंतीभर रिकाम्या फ्रेमा, एका कोपऱ्यात तपासणीचं यंत्र. तो काउंटरमागून उठला तो सबंध एका तुकड्यात उठला, कपाट सरकवावं तसा. काळा चष्मा होताच.

“नजर तपासायची आहे,” मी म्हणालो.

“काय काम करता?”

“शाळेत शिकवतो.” आयुष्यात मी एका मुलालाही काही शिकवलेलं नाही.

त्याने मला यंत्रापुढे बसवलं. हनुवटी इथे, कपाळ तिथे टेकवा, हलू नका. आत एक लांब रस्ता दिसत होता आणि टोकाला रंगीत फुगा, कधी धूसर, कधी लख्ख. तो पलीकडून बटणं फिरवत होता.

“तुमच्या डोळ्याला काय झालंय?” मी विचारलं.

त्याने सांगितलं. मला पाठ होतं ते, तरी ऐकलं. कण्याचं, डोळ्यात टाकायच्या स्टेरॉइडच्या थेंबांचं, ड्रिपचं.

“दोन दोन तास एकटं बसायचं म्हणजे कंटाळा येत असेल,” मी खडा टाकून पाहिला.

“एकटा नसतो. शेजारी पोस्टातल्या एक बाई असतात. सोन्यासारखं माणूस. आम्ही दुखण्याच्या गप्पा मारतो. घरच्यांशी त्या मारता येत नाहीत हो.”

“का बरं?”

“घरच्यांना लगेच काहीतरी करायचं असतं. आम्हाला फक्त बोलायचं असतं.” त्याने एक बटण दाबलं आणि फुगा लख्ख झाला. “आता या बाईंचंच बघा. नवरा जीव टाकतो त्यांच्यावर. फ्रिजचं काम करतो म्हणे. रोज सकाळी कुठूनसा खास बर्फ आणून यांच्या हातांना बांधतो. आता या आजारात सकाळी बोटं आधीच आखडलेली, लाकडासारखी. त्यांना ऊब हवी. बर्फाने जीव जातो त्यांचा. नवऱ्याची गाडी गेली की या गरम पाण्यात हात घालून बसतात.”

“मग सांगत का नाहीत त्याला?”

“हलू नका. मीही हेच विचारलं. तर म्हणाल्या, माझ्या दुखण्यात त्यांच्या हातात तेवढंच आहे. तेही काढून घेतलं तर बिचारे काय करतील?”

‘बिचारे’ हा शब्द तिचा की त्याचा, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझी हनुवटी यंत्रात होती, कपाळ पट्टीला टेकलेलं होतं, आणि तो परका माणूस पलीकडून माझ्या डोळ्यात बघत होता. कधी नव्हे ती मला माझ्याच बर्फाची लाज वाटली आणि दुसऱ्या क्षणाला ती लाज त्याच्यावरच्या रागात गेली. बर्फ चुकला ते चुकला. पण चुकला हे याला ठाऊक आणि मला नाही?

“तुमची नजर चांगली आहे,” तो म्हणाला. “चष्म्याची गरज नाही.”

कुणालाही वाटेल, दुसऱ्या सकाळपासून मी बर्फ बंद केला असेल. नाही केला. बंद केला असता तर तिने विचारलं असतं, का? मग मी काय सांगणार होतो, की तुझ्या मागे मी हेरगिरी करत फिरतो? शिवाय मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. चष्मेवाल्याच्या दुकानातून उष्टं झालेलं नको होतं. मी मोजे घेऊन तिच्यापुढे बसायचो आणि वाट बघायचो.

“आज नको असेल तर राहू दे,” मी म्हणायचो.

“आणलायत ना? बांधा.”

“दुखत असेल तर सांग हं.”

“नाही हो. बरं वाटतं.”

आता मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बर्फ लागला की तिच्या पापण्या थरथरायच्या, ओठ आत जायचे. ते आधीही होत असणार. मी मोजे थोडे घट्ट बांधायला लागलो. दुष्टपणा म्हणा. मला वाटायचं, आज तरी ओरडेल. ती ओरडायची नाही. मी शीळ घालत निघायचो, कारण शीळ घातली नसती तर तिला संशय आला असता. कोपऱ्यावर गाडी वळवताना मला घरातला गीझर चालू झाल्याचा आवाज येतोय असं वाटायचं. इतक्या लांबून तो ऐकू येणं शक्य नाही, हे मला कळतं.

मग तिला सर्दी झाली, खोकला झाला. ड्रिपच्या दिवशी सिस्टरने नेहमीप्रमाणे ताप पाहिला, छाती ऐकायला डॉक्टरीणबाईंना बोलावलं, आणि बाईंनी ड्रिप द्यायचं नाकारलं. औषध दाहाला आवर घालतं, अंगात खरे जंतू असताना दिलं तर त्यांना रान मोकळं मिळेल. आधी खोकल्याची औषधं संपवा, मग बघू. आठवड्याची गोळीही तोवर बंद. बायकोचा चेहरा उतरला. चष्मेवाला आपल्या खुर्चीतून सबंध वळून हळहळत होता, शेजारची खुर्ची रिकामी. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मनातून खूश झालो. बस म्हटलं आता एकटा, सांग भिंतीला तुझे विनोद.

त्या खुशीची फेड लवकरच झाली. औषधाचा अंमल ओसरला आणि दाहाने उचल खाल्ली. बोटं, मनगटं, गुडघे, पायाचे तळवे. तिला चादरीचा भार सोसेना. रजा टाकली. केस विंचरता येईनात म्हणून तिने ते तसेच सोडले. त्यातल्या एका सकाळी मी बर्फाचे मोजे घेऊन पलंगाशी गेलो. का गेलो? सवयीने गेलो असं मी म्हणू शकलो असतो. खरं म्हणजे, आज बोलेल, असं मला वाटलं होतं.

“नको,” ती म्हणाली.

मी बर्फ तसाच पुढे धरला.

“ठेवा तो खाली. लांब ठेवा. माझी बोटं सकाळी मुळातच गोठलेली असतात, त्यावर तुम्ही बर्फ बांधता. रोज. तुमची गाडी गेली की मी गरम पाण्यात हात घालून रडते, मग पोस्टात जाते. इतके दिवस तोंड मिटून बसले. आता नाही होत मला. तुमचा तो थर्मोस्टॅटही नको. माझ्या हाताला फ्रिज म्हणू नका हो लोकांसमोर.”

आवाज चढलेला नव्हता. त्या काचेतून दिसायची तशीच ती बोलत होती, एकेक गोष्ट काढून समोर ठेवत. इतके महिने मी ज्याच्यासाठी तळमळत होतो ते माझ्यापुढे पलंगावर मांडलेलं होतं. मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. फक्त ऐकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच किडा, की यातलं प्रत्येक वाक्य आधी त्याने ऐकलंय. मला शिळं मिळतंय.

“माहीत आहे मला,” मी म्हणालो.

“काय माहीत आहे?”

“हेच. बर्फाचं, गरम पाण्याचं. आणि मी बिचारा आहे तेही. तुझ्या चष्मेवाल्याने सांगितलं.”

तिने उशीवरून मान उचलली. म्हणाली, “त्यांनी तुम्हाला सांगितलं?”

“हो.”

“तुम्हाला बोलावून?”

त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. मी खोटं बोलून त्याच्या यंत्रापुढे बसलो होतो. एवढं सांगितलं असतं तर तो सुटला असता. पण का सुटावा त्याने? मी म्हणालो, “बोलता बोलता निघालं.”

ती भिंतीकडे वळली. वळायलाही तिला खूप वेळ लागला, आधी खांदा, मग कंबर, मग एकेक पाय. मी मदत करायला हात पुढे केला तर म्हणाली, “राहू द्या.” मी बर्फ मोरीत ओतून टाकला आणि पाणी तापवून आणून ठेवलं. तिने त्यात हात घातले नाहीत. ते तिथेच गार झालं.

त्यानंतर ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं. खोकला गेला, डॉक्टरीणबाईंनी पुन्हा ड्रिप सुरू करायला सांगितलं. सिस्टरने फोनवर विचारलं, जुनाच वार हवा ना, त्या दिवशी तुमची नेहमीची मंडळी असतात. मी शेजारीच उभा होतो. ती म्हणाली, नको, दुसरा कुठलाही द्या.

गेलो. खोली ओस पडलेली, दुसरं कुणी नव्हतं. सिस्टरने ताप पाहिला, शीर शोधली, सुजलेल्या हातावर ती सापडायला वेळ लागला. सुई टोचताना बायको छताकडे बघत होती. मग सिस्टर दाराबाहेर आली. “तुमच्या बाईंचं काही बिनसलंय का?” तिने मला विचारलं. “ते चष्मेवाले मागच्या वेळी दोनदा विचारून गेले. मी म्हटलं, त्यांनी स्वतःच वार बदलून घेतला. आज कुणी नाहीये, काका. बसायचंय का आत? बसा त्या बाजूच्या खुर्चीवर.”

इतक्या महिन्यांत कुणी मला आत बोलावलं नव्हतं. मी आत गेलो. खुर्ची मऊ होती, मागे रेलली की पाय आपोआप वर येत होते. इथून ती अगदी हाताच्या अंतरावर दिसत होती. नळीतून थेंब पडत होते. मी आवाज शक्य तेवढा हलका केला. काही करायला नाही आलो, फक्त ऐकायला आलोय, हे तिला कळावं म्हणून हात मांडीवर ठेवले.

“फार दुखतंय का गं?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

आणि बोटं मिटत नव्हती म्हणून दोन्ही मनगटांच्या चिमटीत धरून तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.